म्हातारा शागीर्द आणि दोन कॅमशाफ्ट

बादू ड्रायव्हर माझ्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसला की आसपासच्या गॅरेजांतले फिटर आपली डोकी बॉनेटखाली आणखी खोल घालत. कारण बादू नुसता बसत नसे. तो बोलत असे.

"अरे, तो पाना दहाचा नाही, बाराचा घे! नट गोल करून ठेवशील."

"ती गाडी डावीकडे का झुकलीय? स्प्रिंग बघ, स्प्रिंग. टायरला काय लाथा मारतोस, टायरनं काय घोडं मारलंय तुझं?"

मी ज्याम्फी. कुमासीत सुआमे मॅगझिन नावाची गॅरेजांची मोठी वस्ती आहे, तिथं माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. बेल्ट, बेअरिंग, प्लग, गॅस्केट. इथली जमीन ऑइल पिऊन पिऊन काळी झाली आहे, आणि अर्ध्या घानाची मोडकी वाहनं कण्हत कण्हत इथवर येतात. मागून ड्रायव्हरही येतात, आणि गाडी उघडली की त्यांना बसायला माझा बाक असतो. पण बादूची गाडी चांगली असली तरी तो यायचा. सकाळच्या दोनचार फेऱ्या मारायच्या आणि दुपारी बाकावर.

दहावं मूल म्हणून त्याचं नाव बादू, आमच्याकडे दहाव्याला तेच नाव पडतं. "नऊ जणांचं बोलून झाल्यावर माझी पाळी यायची," तो सांगायचा, "म्हणून मी आधीपासूनच मोठ्यानं बोलायला शिकलो." साठीला टेकलेला, बुटका, छाती पिंपासारखी. त्याची टॅक्सी जुनी जपानी होती, चारी कोपरे नारिंगी रंगवलेली. मागच्या काचेवर त्यानं लिहून घेतलं होतं: 'बोलू द्या त्यांना.' त्याचे प्रवासी म्हणायचे, हा थांबेल तेव्हा बोलू ना आम्ही.

त्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला ती टॅक्सी वाजायला लागली. टक-टक-टक-टक, शिंप्याच्या मशीनसारखी. बादू म्हणाला, "टॅपेट आहे. जरा सेट केलं की झालं." मग तो आवाज वाढला. टॅक्सी केजेतियाच्या चौकात शिरली की भाजीवाल्या बायका न बघताच म्हणायच्या, बादू आला. शेवटी गाडी चढावर दम टाकायला लागली, तेव्हा त्यानं ती पोकुआकडे आणली.

पोकुआ माझ्या समोरच्या गॅरेजची मालकीण. चाळिशीची, उंच, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल आणि त्या रुमालात खोचलेला, बारीक फटी मोजायचा फिलर गेज, दुसऱ्या बायका कंगवा खोचतात तसा. मॅगझिनमध्ये बायका फिटर बोटांवर मोजण्याइतक्या. ही आपल्या मामाच्या हाताखाली शिकली आणि मामा गेल्यावर तिनं गॅरेज हातात घेतलं. सगळे तिला वस्ताद म्हणतात. कोणी मॅडम म्हटलं तर ती मागे वळून बघते, कुठली मॅडम आली म्हणून.

तिनं इंजिनाचं वरचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि बादूला बोलावलं.

"मामा, इकडे या. इथं हात लावा."

दोन कॅमशाफ्ट शेजारी शेजारी पडून होते. त्यांच्यावरचे उंचवटे अंड्यासारखे हवेत, एका बाजूला निमुळते. बादूनं बोट फिरवलं.

"गोल लागतंय," तो म्हणाला.

"अंड्याचं लिंबू झालंय, म्हणून. आता हे व्हॉल्व्हची झाकणं उघडणार कशी? ऑइल कधी बदललं होतं?"

बादूनं आभाळाकडे पाहिलं. "बदलतो की मी ऑइल."

"कधी?"

"नाताळात."

"कुठल्या नाताळात ते विचारू नका, वस्ताद," मी दुकानातून ओरडलो, आणि सगळं गॅरेज हसलं. बादूनं माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर जळून खाक झाला असता.

जुने शाफ्ट घासूनपुसून चालणार नव्हते. दोन्ही नवे हवेत, पोकुआ म्हणाली. माझा चुलतभाऊ अक्राच्या बंदरातून माल आणतो, त्याच्याकडून मी मागवले. काही दिवसांनी खोकं आलं. ऑइल लावलेल्या कागदात गुंडाळलेले दोन चकचकीत शाफ्ट. बादूनं कागद हळूच बाजूला केला आणि तोंडातून अवाक्षर न काढता तो त्यांच्याकडे बघत राहिला. बादू, आणि गप्प! मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं.

पण ते गप्प राहणं गॅरेजच्या उंबऱ्यापर्यंतच टिकलं. पोकुआनं जुने शाफ्ट काढायला पाना लावला आणि याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"कडेपासून सोड. मधून नको सोडूस. अगं पोरी, थोडं थोडं सोडायचं, सगळं एकदम नाही. वाकेल ना तो! माझ्या मामाच्या लॉरीला..."

पोकुआ सरळ उभी राहिली. तिनं पाना पुसला आणि तो बादूच्या मांडीवर ठेवला.

"मामा, तुम्हीच बसवा की मग."

पोरांनी हातातली कामं थांबवली. पलीकडचा वेल्डिंगवालाही काच वर करून बघायला लागला.

"मी?"

"येतंय ना तुम्हाला सगळं? एवढी वर्षं बाकावरून दहा गॅरेजं चालवताय. आज एक इंजिन चालवा."

"मस्करी करतेस काय म्हाताऱ्याची?"

"मस्करी नाही. पण माझ्या गॅरेजात गिऱ्हाईक पान्याला हात लावत नाही. शागीर्द लावतो. रिवाजाप्रमाणे दारूची बाटली घेऊन या, रीतसर शागीर्द व्हा, शिका. मग तुमचे कॅमशाफ्ट तुम्हीच बसवा. नाहीतर बाकावर बसा आणि तोंडाला कुलूप."

पोरं शिट्ट्या मारायला लागली. कोणीतरी म्हणालं, "बादूमामा, कुलूप माझ्याकडे आहे!" बादूच्या नाकाचा शेंडा लाल होण्याइतका गोरा असता तर झाला असता. त्यानं पाना उचलला, तो कितीचा आहे ते डोळे बारीक करून वाचलं आणि म्हणाला, "आणतो बाटली."

संध्याकाळी तो मला घरी घेऊन गेला, कारण बायकोला सांगायला साक्षीदार हवा होता. त्याची बायको फ्रेमा सकाळी बाजरीची आंबट पेज आणि चवळीचे वडे विकते. तिच्या दुकानापुढची रांग बघूनच सुआमेत लोकांना किती वाजले ते कळतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग अंगावरच्या कापडाच्या टोकानं डोळे पुसेपर्यंत हसली.

"हा? इंजिन बांधणार? ज्याम्फी, आमच्या लग्नात या माणसाला टाय बांधता आला नाही. शेवटी पाद्र्यानं बांधून दिला!"

"तो टायच वाकडा होता," बादू म्हणाला.

"आणि गाडी बंद, मग घरात काय आणणार?"

"ते..." बादूचा आवाज खाली आला. "तेच विचारायला आलो होतो."

फ्रेमाचं हसणं थांबलं.  मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला माहीत नसेल, ज्याम्फी. हा माणूस झोपेत हात फिरवतो. असा, मनगटातून. लग्न झालं तेव्हापासून. आधी मला वाटायचं स्टिअरिंग फिरवतोय. स्टिअरिंग असं फिरत नाही. पाना फिरतो." आणि बादूला म्हणाली, "जा. वडे विकून दोन पोटं भरतात. पण घरात शिरताना हात धुऊन ये."

रविवारी बाटली आली. पोकुआनं चार थेंब जमिनीवर वाहिले, आधी पूर्वजांना, मग तिच्या मामाला, आणि उरलेली आम्ही सगळ्यांनी संपवली. सोमवारी बादू ड्रायव्हर गॅरेजात सगळ्यांत धाकटा झाला.

धाकटा म्हणजे धाकटाच. गॅरेजात वयाला किंमत नाही, आधी कोण आलं त्याला आहे. ओतेंग म्हणून विशीचा एक शागीर्द होता, त्याला आता बादूनं दादा म्हणायचं.

"ओतेंगदादा, तेराचा पाना कुठाय?"

"तुझ्या डाव्या हातात आहे, बाळ."

पहिले बरेच दिवस त्याच्या वाट्याला फक्त धुणं आलं. घासलेटच्या टबात नटबोल्ट धुवायचे, पुसायचे, मापाप्रमाणे लावून ठेवायचे. आणि पोकुआनं एकच नियम घातला होता: हातात पाना तर तोंड बंद. माझ्या बाकावर सामसूम झाली. खोटं कशाला बोलू, माझं गिऱ्हाईकही जरा घटलं. लोक बादूला ऐकायला थांबायचे आणि जाता जाता प्लग घेऊन जायचे.

दुपारी तो जेवायला माझ्याकडे यायचा. पानात उकडलेला मक्याच्या आंबट पिठाचा गोळा, म्हणजे केंके, सोडायचं, तळलेला मासा, वर लाल मिरचीचा ठेचा. एका दुपारी त्यानं मला ते सांगितलं, जे इतक्या वर्षांच्या बडबडीत कधी सांगितलं नव्हतं.

मामपोंगजवळच्या गावात, लहान असताना, त्याच्या मामाची लाकडी फळ्यांची लॉरी होती. ती बिघडली की गावात एक म्हातारा फिटर यायचा आणि चटईवर इंजिन उलगडून ठेवायचा. छोटा बादू जेवायचं विसरून त्या चटईच्या काठाशी बसायचा. एकदा त्यानं शाळेच्या मास्तरांचं घड्याळ उघडलं आणि पुन्हा बसवलंही, फक्त ते त्यानंतर उलटं चालायचं. त्याला फिटर व्हायचं होतं. पण मामाला लॉरीवर किलिंडर, म्हणजे क्लीनर, हवा होता, आणि आमच्यात बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. मामा म्हणाला, लॉरीवर चढ. बादू चढला, आणि पुढे किलिंडरचा ड्रायव्हर झाला.

"वाईट नव्हतं," तो बोटं चाटत म्हणाला. "मामानं मला पोटाला लावलं. पण गाडी चालवणं म्हणजे घराच्या बाहेरून घर बघणं. आत कोण राहतं ते बघायचं होतं मला."

मग तो हात धुऊन माझ्या वरच्या फळीकडे बघायचा. नवे कॅमशाफ्ट तिथं खोक्यात पडून होते. "बरे आहेत ना?" तो विचारायचा. "जेवलेत," मी म्हणायचो.

पावसाळा गेला. पोकुआनं त्याला आधी ब्रेक दिले, मग क्लच, मग दुसऱ्या गाड्यांच्या इंजिनांची हेडं उतरवायला दिली. हात जड होता, पण एकदा सांगितलेलं तो विसरत नसे. टायमिंगपाशी मात्र घोडं अडलं. वरचे दोन शाफ्ट झाकणं उघडतात-मिटतात, खालून पिस्टन वरखाली होतो, आणि कोण कधी कुठं हवं, यात बादू गोते खायचा. रात्रभर डोक्यात सगळं एकदम फिरतं, म्हणायचा.

एक दिवस पोकुआनं हातातलं काम ठेवलं. "मामा, घरी उकडलेल्या कंदांचं फुफू कोण कांडतं?"

"मी."

"आणि उखळात हात घालून गोळा कोण फिरवतं?"

"फ्रेमा."

"मुसळ वर असताना ती हात घालते, मुसळ यायच्या आत काढते. बरोबर? तिची बोटं शाबूत आहेत?"

"दहाच्या दहा."

"मग टायमिंग तुम्हाला येतंय. पिस्टन म्हणजे तुमचं मुसळ, फक्त खालून येणारं. झाकण म्हणजे फ्रेमामावशीचा हात. मुसळ आलं आणि हात आत राहिला, तर काय होईल?"

बादूनं डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते, दोन्ही हात हवेत वरखाली होत होते. ओतेंग हसायला लागला तर पोकुआनं त्याला कोपरानं ढोसलं. मग बादूनं डोळे उघडले आणि म्हणाला, "अच्छा! आणि हे आजवर कोणी सांगितलं नाही मला?"

"आजवर तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, मामा."

उत्तरेचा कोरडा वारा सुटला, ओठ फुटायला लागले, तेव्हा एका सकाळी पोकुआ माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "ज्याम्फी, उतरव ते खोकं."

बातमी मॅगझिनभर कशी पसरते ते मला कधीच कळलेलं नाही. बादू हात धुऊन येईपर्यंत गॅरेजात उभं राहायला जागा उरली नव्हती. त्याच्या स्टँडच्या ओळीतले टॅक्सीवाले आले होते, वेल्डिंगवाला आला होता, आणि ज्या ज्या फिटरांना त्यानं बाकावरून शिकवलं होतं ते सगळे आज हिशेब चुकता करायला आले होते. त्यांनी माझा बाक उचलून गाडीपुढे मांडला आणि त्यावर बसून हात मांडीवर ठेवले, हुबेहूब बादूसारखे.

"पाना दहाचा घे रे!"

"बाराचा, बाराचा!"

"अंगठा सांभाळ, एकच आहे तो!"

बादूनं वर पाहिलं नाही. आधी त्यानं खालची पुली फिरवून पहिला पिस्टन वर आणला आणि खूण जुळवली. मग नव्या शाफ्टांना ऑइल चोपडलं, आई बाळाला तेल लावते तसं, एकही सांधा न सोडता. दोन्ही शाफ्टांच्या टोकांना दात्यांची चाकं असतात आणि एकाचे दाते दुसऱ्यात बसतात. बेल्ट एकालाच फिरवतो, तो दुसऱ्याला. त्यामुळे दाते खुणेवर खूण ठेवूनच अडकवावे लागतात. बादूनं शाफ्ट खाली ठेवले, खुणा जुळवल्या, वर त्यांना धरून ठेवणाऱ्या टोप्या लावल्या आणि बोल्ट थोडे थोडे आवळत गेला, मधून कडेकडे, कडेकडून पुन्हा मध्ये. इतका हळू, की बाकावरचे गावगप्पांकडे वळले. पोकुआ खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा भिंतीसारखा कोरा होता.

बेल्ट चढला. आता हातानं इंजिन फिरवून बघायचं. बादूनं खालच्या बोल्टला लांब पाना लावला आणि हळूहळू ओढला. इंजिन फिरलं, पाव फेरा, आणखी थोडं. आणि मग अडलं.

त्यानं पाना मागे घेतला, पुन्हा ओढला. पुन्हा तिथंच.

"जोर लाव!" कोणीतरी ओरडलं.

"नवं आहे, घट्टच असणार!"

"अरे, मुसळ उचलून दंड कमावलेत ना, लाव जोर!"

ज्यांनी बादूला गाडी चालवताना पाहिलंय त्यांना तो कसा होता ते ठाऊक आहे. पुढे खड्डा असला तर तो वेग वाढवायचा. गिअर पडेना तर ठोसून पाडायचा. पान्यावर त्याचे दोन्ही हात होते, मानेवरची शीर तटतटली होती. मी मनात म्हटलं, आता ओढतो हा.

त्यानं पाना सोडून दिला.

"नाही," तो म्हणाला. "आत कोणाचा तरी हात आहे."

बाकावर हशा पिकला, पण मी पोकुआकडे बघत होतो. ती खांबापासून सरळ झाली.

बादूनं बेल्ट उतरवला. टोप्या उघडल्या. शाफ्ट वर काढून तो त्या दात्यांच्या चाकांकडे बघत बसला. चाक उन्हाकडे धरलं, थुंकी लावून बोटानं पुसलं. आणि मग तो आरोळी ठोकून उभा राहिला.

"दोन आहेत! वस्ताद, खुणा दोन आहेत! प्रत्येक चाकावर दोन दोन. एक टायमिंगची, एक जोडणीची. मी या चाकाची ही घेतली आणि त्या चाकाची ती!"

"बरोबर," पोकुआ म्हणाली.

"तुम्हाला दिसलं होतं?"

"तुम्ही टोप्या लावत होतात तेव्हाच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"खूण चुकतेच, मामा. माझीही चुकली होती. अडल्यावर तुम्ही थांबता की ओढता, ते बघायचं होतं. हातानं फिरवताना अडलं तर काही मोडत नाही. ओढलं की मोडतं."

बादूनं मान डोलावली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी बाकावरून कोणी काही बोललं नाही. ओतेंग न सांगता ऑइलचा डबा धरून शेजारी बसला होता. शाफ्ट बसले, खुणा जुळल्या, टोप्या आवळल्या. झाकणांमधली फट तपासायची वेळ आली तेव्हा बादूनं फिलर गेज शोधायला हात फिरवला. पोकुआनं आपल्या रुमालातला गेज काढला आणि त्याच्या पुढे धरला. तो गेज तिच्या मामाचा. तो तिनं आजवर कोणाच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता. बादूनं तो दोन्ही हातांनी घेतला.

मग पुन्हा लांब पाना. पाव फेरा, अर्धा, जिथं मघाशी अडलं होतं ती जागा आली आणि लोण्यासारखी गेली. पूर्ण फेरा, दुसरा फेरा. खुणा आपापल्या जागी परत आल्या. बादूनं त्या तीन वेळा बोट लावून बघितल्या, चौथ्यांदा बघायला लागला तेव्हा पोकुआ म्हणाली, "पुरे. नजर लागेल."

तोवर फ्रेमा येऊन पोचली होती, डोक्यावर रिकामं घमेलं घेऊन. वडे लवकर संपवून निघाले, म्हणाली. बादू गाडीत बसला. किल्ली फिरवली. इंजिन एकदा खाकरलं, आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

बादूचा चेहरा पडला. त्यानं पुन्हा किल्ली फिरवली. चर्रर्र! असा आवाज झाला की सगळ्यांचे दात शिवशिवले.

"मामा!" पोकुआ किंचाळली. "चालू आहे! इंजिन चालू आहे!"

"चालू आहे?"

"चालू आहे म्हणून तर स्टार्टर ओरडला! किल्ली सोडा!"

बादूनं किल्ली सोडली आणि कान पुढे केला. बॉनेट थरथरत होतं. इंजिन इतकं मऊ चाललं होतं की पलीकडच्या हातोड्यांच्या आवाजात बुडून गेलं होतं. टकटकीचीच सवय लागलेल्या माणसाला शांतता म्हणजे बंद पडणंच वाटलं होतं. तो खाली उतरला, बॉनेटवर दोन्ही तळवे टेकले, आणि तसाच उभा राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतोय, मग वाटलं हसतोय. दोन्ही चाललं होतं.

"काय झालं?" फ्रेमानं विचारलं.

"आत घर आहे गं," तो म्हणाला. "सगळी माणसं जागच्या जागी आहेत."

तिनं डोक्यावरचं घमेलं उतरवलं, पालथं धरलं आणि वाजवायला सुरुवात केली. मग काय विचारता? टॅक्सीवाले नाचले, वेल्डिंगवाला नाचला, बाकावरचे टवाळ बादूला खांद्यावर घेऊन माझ्या दुकानाभोवती फिरले आणि जाताना माझी बेअरिंगची चळत पाडून गेले. ती मी अजून शोधतो आहे.

सगळ्यांना वाटलं, हौस फिटली, आता हा परत ओळीत जाईल. गेला, पण सकाळच्या फेऱ्यांपुरताच. दुपारी तो घासलेटच्या टबाशी हजर. पोकुआनं त्याला पूर्ण मुदत राबवलं, एक दिवसही सोडला नाही. आणि मुदत संपल्यावर, एका शनिवारी, त्याचा शागिर्दीतून सुटायचा सोहळा झाला.

मंडप घातला, भाड्यानं खुर्च्या आणल्या, स्पीकर इतके मोठे की शेजारच्या गल्लीतल्या गाड्यांच्या काचा थरथरल्या. त्याची मुलं आली, नातवंडं आली, नऊ भावंडांपैकी जी हयात होती ती सगळी आली आणि सगळीच मोठ्यानं बोलत होती. बादू नव्या निळ्या डांगरीत खुर्चीवर बसला होता, नवरदेवासारखा अवघडून. पोकुआनं त्याच्या हातात पाना दिला आणि माइक घेतला.

"या माणसानं मला शिकवायला सुरुवात केली होती," ती म्हणाली. "मी त्याला शिकवून सूड घेतला. आजपासून तो मला पोरी म्हणू शकतो. गॅरेजाबाहेर."

मग तिनं पावडरचा डबा त्याच्या डोक्यावर पालथा केला. मागून ओतेंगनं दुसरा, फ्रेमानं तिसरा. शागीर्द सुटला की पावडरनं न्हायचा आमचा रिवाजच आहे, पण एवढी पावडर मी कोणावर पडलेली पाहिली नाही. भुवया, मिशा, कान, सगळं पांढरंशुभ्र. त्यातून दोन डोळे आणि दात तेवढे दिसत होते.

तशाच अवतारात त्यानं बायकोला टॅक्सीत बसवलं आणि घराकडे निघाला. मागच्या सीटवर मी होतो, मांडीवर उरलेल्या भाताची पातेली घेऊन. केजेतियाच्या चौकात ट्रॅफिक पोलिसानं हात आडवा केला. मोटारसायकल बाजूला लावून तो आला, खिडकीतून आत वाकला आणि बराच वेळ बादूकडे बघत राहिला.

"काय झालंय तुला?"

"पास झालो," बादू म्हणाला.

"या वयात? कशात?"

"इंजिनात. कॅमशाफ्ट बसवतो. टायमिंग करतो."

पोलिसानं फ्रेमाकडे पाहिलं. फ्रेमानं मान हलवली, खरं आहे म्हणून. त्यानं पाठीमागे आपल्या मोटारसायकलकडे एक नजर टाकली, घसा साफ केला आणि आवाज खाली आणला.

"चाचा, जरा येता का? ही माझी चढावर खोकते. साहेबांना सांगितलं तर महिना जाईल."

बादू उतरला. चौकाच्या मधोमध, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, तो त्या मोटारसायकलपाशी उकिडवा बसला, कान इंजिनापाशी नेला आणि एक बोट वर केलं. पोलिसानं एक्सलेटर पिळला. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न कोकलायला लागले. पोलीस त्यांच्याकडे वळून ओरडला, "गप्प बसा! चाचांना ऐकू द्या!"

फ्रेमानं पर्स उघडली आणि म्हणाली, "ज्याम्फी, उतर. तिकडे कोपऱ्यावर भाजलेली केळी आहेत. शेंगदाणेही घे. याला आता वेळ लागणार."